क्सिवा आणि आडनाव : ‘किलेर’ या पोलिश चित्रपटाच्या दीर्घायुष्याविषयी

१७ ऑक्टोबर १९९७ हा दिवस पोलंडच्या इतिहासात एका वेगळ्याच कारणाने नोंदला गेला आहे. त्या दिवशी त्या देशाची नवी राज्यघटना अमलात आली. त्याच दिवशी वॉर्सातील चित्रपटगृहांत युलियुश माखुल्स्की यांचा ‘किलेर’ हा विनोदी चित्रपट प्रदर्शित झाला. या दोन घटनांचा परस्परांशी कार्यकारणसंबंध नाही, हे उघड आहे. तथापि आज त्या देशातील सामान्य माणसाला घटनेतील एखादे कलम मुखोद्गत असण्याचा संभव फार कमी, आणि ‘किलेर’मधील चारदोन वाक्ये मुखोद्गत नसण्याचा संभव त्याहूनही कमी, ही वस्तुस्थिती इतिहासाच्या अभ्यासकाने हसण्यावारी नेऊ नये. वीस लाखांहून अधिक लोकांनी तो चित्रपटगृहांत पाहिला; पुढे दूरचित्रवाणीने तो घरोघरी पोचविला; आणि ज्यांचा जन्मही तेव्हा झाला नव्हता अशी पिढी आज त्याच्या भाषेत थट्टा करते. हे का घडले असावे, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

कथानक थोडक्यात सांगून टाकतो. ते फारसे नवीन नाही. युरेक किलेर हा वॉर्सातील एक टॅक्सीवाला. पैसे घेऊन खून करणारा कोणी एक अज्ञात मारेकरी शहरात वावरत असतो आणि त्यालाही ‘किलेर’ या नावानेच ओळखतात. पोलीस अधिकारी रिबा भलत्याच माणसाला, म्हणजे या टॅक्सीवाल्याला, धरून नेतो. तुरुंगात गेल्यावर युरेकच्या ध्यानात येते की, निरपराध म्हणून आपल्याला कोणी विचारीत नाही, पण मारेकरी म्हणून सारे अदबीने वागवितात. मग तो तो वेष स्वीकारतो. श्यारा नावाचा टोळीप्रमुख त्याला सोडवून आणतो, पाहुणचार करतो आणि कामे सांगू लागतो. एका माणसाला दुसरा समजण्याची ही युक्ती प्लाउतुसच्या रोमन प्रहसनांइतकी जुनी आहे. तेव्हा चित्रपटाच्या टिकण्याचे कारण कथानकात शोधण्यात अर्थ नाही.

या प्रश्नाचे जे उत्तर नेहमी दिले जाते ते असे : ‘किलेर’ हा १९९०नंतरच्या पोलंडचा आरसा आहे. ते खोटे नाही. १ जानेवारी १९९० रोजी अर्थमंत्री बाल्त्सेरोविच यांची योजना लागू झाली, किमती मोकळ्या झाल्या, जुने कारखाने बंद पडू लागले, आणि रस्त्याच्या कडेला घडीच्या खाटा टाकून माल विकणारे लोक पाहता पाहता व्यापारी झाले. १९९५च्या आरंभी चलनाच्या चार शून्यांना कात्री लागली. दहा हजार जुन्या झ्वॉटींची एक नवी झ्वॉटी झाली. या धांदलीत वॉर्साजवळच्या प्रुश्कुव आणि वोवोमिन या दोन गावांच्या नावांनी ओळखल्या जाणाऱ्या टोळ्या उभ्या राहिल्या. मोटारींची चोरी, दारूची चोरटी आयात, दुकानदारांकडून उकळावयाची खंडणी हे त्यांचे उद्योग. गावांची नावेच गुन्हेगारीची सामान्यनामे होऊन बसली. श्याराचा बंगला, त्याचे कपडे, त्याच्या पत्नीची हौस या सर्वांतून ही नवी श्रीमंती चित्रपटात दिसते.

पण आरशाची उपमा एका ठिकाणी तोकडी पडते. काळाचा आरसा म्हणून जे चित्रपट निघतात ते काळाबरोबर जुने होतात. त्यांतील मोटारी, दूरध्वनीयंत्रे, केशरचना यांचेच तेवढे कौतुक उरते. त्याच दशकात पोलंडमध्ये गुन्हेगारीवर गंभीर चित्रपट पुष्कळ निघाले आणि त्यांतील बरेचसे आज अभ्यासकांखेरीज कोणी पाहत नाही. अपवाद व्वादिस्वाव पाशिकोव्स्की यांच्या ‘प्सी’ (१९९२) याचा. बरखास्त झालेल्या गुप्तपोलीस दलातील माणसांची ती कडवट कथा. तिच्यात होतकरू पोलिसाची भूमिका करणारा चेझारी पाझुरा हाच पाच वर्षांनी युरेक किलेर झाला. प्रेक्षकाला ही आठवण होती, आणि माखुल्स्कींनी तिचा उपयोग करून घेतला : जो चेहरा कालपरवा रक्तपाताच्या कथेत पाहिला होता तोच आता टॅक्सीच्या चाकामागे भांबावून बसला आहे. म्हणजे चित्रपट वास्तवाइतकाच, किंबहुना अधिक, आधीच्या चित्रपटांशी बोलत होता.

प्रस्तुत लेखकाचा विषय भाषा हा असल्यामुळे त्याने उत्तर भाषेत शोधावे, हे स्वाभाविक आहे; यात पक्षपाताचा दोष येतो तो मान्य करून पुढे जातो. पोलिश भाषेत टोपणनावाला, विशेषतः गुन्हेगारांच्या टोपणनावाला, ‘क्सिवा’ असा शब्द आहे. हा शब्द मूळचा पोलिश नाही. हिब्रूतील लेखनवाचक शब्दापासून तो यिडिशमध्ये ‘लिखित कागद, दाखला’ या अर्थाने आला. तेथून चोरांच्या बोलीत शिरला. तुरुंगात चोरून पाठविलेली चिठ्ठी, खोटे ओळखपत्र असे अर्थ घेत घेत अखेर माणसाच्या ओळखीचा, म्हणजे उपनामाचा, वाचक झाला. ‘किलेर’ची सारी गंमत या एका शब्दाच्या आधारे सांगता येते : पोलीस ज्याला क्सिवा समजतात ते बिचाऱ्याचे आडनाव असते.

ही चूक शक्य कशी होते, हे पाहण्याजोगे आहे. इंग्रजीतून आलेला हा मारेकऱ्याचा वाचक शब्द वृत्तपत्रांनी १९९०नंतर रूढ केला. मारेकरी पोलंडमध्ये पूर्वीही होते. पण मोबदला घेऊन अनोळखी माणसाचा जीव घेणे हा एक धंदा आहे, त्याला दर आहे, गिऱ्हाईक आहे, ही कल्पना नवी होती आणि तिला परका शब्दच शोभला. परका शब्द भीती निर्माण करतो. तो ज्या वस्तूचे नाव आहे ती आपल्या घरची नाही, असा त्याचा ध्वनी असतो. आता चित्रपटातील अक्षरयोजना पाहा. इंग्रजीतील जोड-‘ल’ काढून टाकून एकच ‘ल’ लिहिला की, तो शब्द ‘मिलेर’, ‘केलेर’ अशा, मूळच्या जर्मन पण पोलंडमध्ये पिढ्यान्‌पिढ्या नांदलेल्या आडनावांच्या रांगेत निमूटपणे जाऊन उभा राहतो. चित्रपट प्रदर्शित झाला त्या दिवशी पोलीस खाते ज्यांच्या हाताखाली होते ते गृहमंत्रीही लेशेक मिलेर या नावाचेच गृहस्थ होते! परक्या शब्दाला असे दाराच्या पाटीवरचे नाव करून टाकले की, त्याला प्रत्यय लागतात, बायको लागते, शेजारी लागतात. भयाचे घरगुतीकरण याहून थोडक्यात साधणे कठीण आहे. इंग्रजी उपशीर्षकांतून हा चित्रपट पाहणाऱ्याला मात्र यातले काहीच कळत नाही. तेथे शब्द आपल्या मायदेशी परततो, आणि ‘मारेकरी’ आडनावाचा टॅक्सीवाला हा एक ढोबळ कोटीचा प्रकार वाटू लागतो. मी प्रथम हा चित्रपट तशाच रीतीने पाहिला आणि मला तो सामान्य वाटला, हे येथे सांगितले पाहिजे. माझ्या शेजारी बसलेल्या पोलिश अध्यापिका ज्या ठिकाणी डोळे पुसून हसत होत्या त्या ठिकाणी पडद्यावर पुष्कळदा उपशीर्षकच नसे.

इतर नावांतही हीच कारागिरी आहे. टोळीप्रमुखाचे आडनाव श्याझेव्स्की आणि क्सिवा ‘श्यारा’. ‘श्यारा’ म्हणजे व्यालेल्या गाईचे पहिले दूध, ज्याला आपण चीक म्हणतो आणि ज्याचा खरवस करतो. पण तरुणांच्या बोलीत त्याच शब्दाला ‘लाज, फजिती’ असा अर्थ आला आहे. म्हणजे ज्याच्या नावाने शहराने थरथरावे तो नावानेच फजितीचा धनी. आडनावातील ‘झ’ आणि उपनामातील ‘र’ यांचा संबंध पोलिश ध्वनिपरिवर्तनाच्या नियमानुसार अगदी निर्दोष आहे : तालव्य स्वर पुढे आला की ‘र’चा ‘झ’ होतो. त्यामुळे ‘-एव्स्की’ या घरंदाज अंत्याखाली रस्त्यावरचे नाव दडून बसते, आणि ऐकणाऱ्याला ते क्षणात सापडते. त्याचा सभ्य पोशाखातला जोडीदार लिपस्की. ‘लिपा’ हा पोलंडमध्ये सर्वत्र दिसणारा एक वृक्ष. परंतु बोलीभाषेत ‘लिपा’ म्हणजे बनावट, फसवा माल. पोलीस अधिकारी ‘रिबा’ म्हणजे मासा. श्याराचा हरकाम्या ‘वोंस्की’ म्हणजे अरुंद, चिंचोळा. या पात्रांत सर्वांत सरळ, दुसरा अर्थ नसलेले नाव काय ते टॅक्सीवाल्याचे, आणि नेमके त्याच्याच नावावर कोणी विश्वास ठेवीत नाही.

१९९९ साली आलेल्या उत्तरार्धाचे शीर्षक तर व्याकरणाच्या तासाला सांगावे असे आहे. ‘दोन किलेर’ या अर्थाचे ते शीर्षक पोलिशमध्ये ‘किलेरुव द्वुख’ असे होते. पुरुषवाचक नामांबरोबर पोलिशमध्ये संख्यावाचकाचे निराळे रूप येते. मराठीत आपण ‘दोन खुर्च्या’ पण ‘दोघे भाऊ’ म्हणतो त्याच्याशी हे ताडून पाहावे. माखुल्स्कींनी हे शीर्षक छापताना नामाचा प्रत्यय आडवी रेघ देऊन वेगळा काढला, आणि ‘दोन’ हा आकडा लिहून त्यालाही रेघ देऊन प्रत्यय जोडला. आकड्याला असा प्रत्यय जोडणे पोलिश शुद्धलेखनात चूक मानतात. दुकानांच्या फलकांवर आणि कार्यालयांतील कागदांवर लोक ती चूक सर्रास करतात. सुशिक्षित प्रेक्षकाने शीर्षक वाचूनच हसावे, आणि अशिक्षिताला त्यात काही खटकूही नये, अशी ती दुहेरी योजना आहे. उत्तरार्ध स्वतः मात्र पहिल्याच्या तोडीचा नाही. त्यात प्रवास वाढला आहे आणि भाषा पातळ झाली आहे.

आता थोडे मागे जावयास हवे. कारण माखुल्स्कींचा पहिला चित्रपटही गुन्हेगारांचाच होता. ‘वाबांक’ (१९८१) त्यांनी वयाच्या सव्विसाव्या वर्षी पुरा केला. त्याचा काळ १९३४, स्थळ वॉर्सा. सहा वर्षांची शिक्षा भोगून बाहेर आलेला तिजोरीफोड्या आणि ट्रंपेटवादक हेन्रिक क्विंतो, आपल्याला दगा देऊन आता पेढीचा मालक बनलेल्या क्रामेर नावाच्या माणसावर सूड उगवितो. आणि तो असा की, पेढी क्रामेरने स्वतःच लुटली असे सिद्ध व्हावे. क्विंतोची भूमिका दिग्दर्शकाचे वडील यान माखुल्स्की यांनी केली. हा चित्रपट लोकांसमोर आला तो १ मार्च १९८२ रोजी. १३ डिसेंबर १९८१पासून देशात लष्करी कायदा होता. रस्त्यांवर रणगाडे, दूरध्वनींवर पहारा, संघटनेचे पुढारी स्थानबद्ध. अशा हिवाळ्यात प्रेक्षकांना पडद्यावर युद्धपूर्व वॉर्सा दिसले : हेन्रिक कुझ्न्याक यांचे रॅगटाइम संगीत, उत्तम शिवलेले कोट, आणि शब्दाला जागणारा चोर.

हे वॉर्सा चित्रपटासाठी बरेचसे वूच या शहरात उभे करावे लागले, आणि त्याचे कारण सर्वांना माहीत होते. मूळ शहर शिल्लकच नव्हते. युद्धापूर्वी वॉर्साच्या लोकसंख्येत सुमारे एक-तृतीयांश यहुदी होते. २२ जुलै १९४२पासून दोन महिन्यांत वॉर्साच्या गेटोतील बहुसंख्य माणसे त्रेब्लिन्का येथे नेऊन मारण्यात आली. १९४३च्या एप्रिलमधील उठावानंतर गेटो पाडून टाकला गेला. १९४४च्या उठावानंतर उरलेले शहर जाळण्यात आले. जुन्या वॉर्साच्या चोरबोलीचा पाया यिडिश आणि जर्मन शब्दांचा होता. क्सिवा हा त्यांपैकीच एक. टोळीला किंवा मित्रमंडळाला ‘फेरायना’ म्हणत तो जर्मन. संगनमत करणाऱ्या कंपूला ‘सित्वा’ म्हणतात तो यिडिश. लपण्याच्या जागेला ‘मेलिना’ म्हणत, तोही यिडिशमार्गे आलेला. चोरांच्या या शब्दाने गेटोंच्या काळात भिंतीमागे आणि तळघरात दडलेल्या कुटुंबांच्या आश्रयाचा अर्थ घेतला. युद्धानंतर, ती कुटुंबे नाहीशी झाल्यावर, तोच शब्द चोरटी दारू विकणाऱ्या घराला लागला. बोलणारी माणसे गेली आणि शब्द मागे राहिले. जो वॉर्सावासी आज सहजपणे मित्राची क्सिवा विचारतो त्याला आपण कोणाचा शब्द वापरीत आहोत याची बहुधा जाणीव नसते. ‘वाबांक’च्या हसऱ्या रूपामागे हा अभाव आहे. चित्रपट त्याविषयी अक्षरही काढीत नाही. मला तो त्याचा दोष वाटतो, पण १९८२च्या प्रेक्षकाने तो अभाव स्वतःच्या मनाने भरून काढला असेल, हेही शक्य आहे.

‘वाबांक’ ते ‘किलेर’ हे अंतर सोळा वर्षांचे. एक दुवा डोळ्यांना दिसणारा आहे. ‘वाबांक’मध्ये क्विंतोच्या हाताखाली शिकणाऱ्या दोन उडाणटप्पू पोरांपैकी ‘नुता’ (म्हणजे सूर) झालेला नट क्शिश्तोफ केर्श्नोव्स्की हाच ‘किलेर’मध्ये वोंस्की झाला आहे. १९३४चा शिकाऊ चोर १९९७मध्ये मुख्य गुंडाचा आज्ञाधारक झाला. पण या अवधीत गुरू नाहीसा झाला. क्विंतोजवळ कसब होते. श्याराजवळ फक्त पैसा आहे. गुन्हेगारीला जेव्हा कसब लागत नाही तेव्हा तिच्यात नायक कोणाला करावयाचे? माखुल्स्की आणि पटकथाकार प्योत्र वेरेश्न्याक यांनी दिलेले उत्तर मला या चित्रपटाचे मर्म वाटते : ज्याने काहीच केले नाही त्याला.

येथे मूळ प्रश्नाजवळ आपण येतो. नव्या व्यवस्थेत प्रत्येक पोलिश माणसाला कोणत्या ना कोणत्या रीतीने स्वतःला येत नसलेले काम येते असे भासवावे लागत होते. गिरणीतला कामगार दुकानदार झाला, शिक्षक विमाप्रतिनिधी झाला, पक्षाचा चिटणीस पेढीचा संचालक झाला. लोकांच्या हाती पडलेल्या नव्या ओळखपत्रावर जे लिहिले होते ते त्यांना आधी माहीत नव्हते. ते त्यांनी वाचून पाठ केले. युरेक किलेरही तेच करतो. त्याला दिलेली भूमिका भयंकर आहे, पण ती वठविण्याची त्याची पद्धत प्रामाणिक नोकरदाराची आहे. तो चुकतो, घाबरतो, पुढच्या वेळी थोडे बरे करतो. म्हणून त्याच्या तोंडची वाक्ये लोकांनी उचलली. ती गुंडांची वाक्ये म्हणून उचलली गेली नाहीत. गुंडाचे सोंग आणणाऱ्या आपल्यासारख्या माणसाची वाक्ये म्हणून ती कार्यालयांत, लग्नांत, परीक्षेच्या खोलीबाहेर वापरता आली. ही वाक्ये मी येथे भाषांतरून देत नाही. त्यांतील विनोद पुष्कळदा केवळ ‘पान’ या आदरार्थी संबोधनावर आणि त्याबरोबर येणाऱ्या तृतीयपुरुषी क्रियापदावर उभा आहे : जीव घेण्याच्या वाटाघाटी चालल्या आहेत आणि दोन्ही पक्ष व्याकरणातला शिष्टाचार सोडावयास तयार नाहीत. मराठीत ‘आपण’ घालून पाहिले तर थोडी चव येते, पण ती आपल्या जुन्या दरबारी बोलण्याची. ही आहे टपाल कचेरीच्या खिडकीवरची.

पोलंडमध्ये चित्रपटातील वाक्ये रोजच्या बोलण्यात मुरविण्याची परंपराच आहे. मारेक पिवोव्स्की यांचा ‘रेयस’ (१९७०), स्तानिस्वाव बारेया यांचा ‘मिश’ (१९८१), स्वतः माखुल्स्कींचा ‘सेक्समिसिया’ (१९८४) ही त्याची मोठी स्थानके. उघडपणे बोलता येत नसे त्या काळात अशी वाक्ये परवलीच्या शब्दांसारखी काम करीत. ऐकणारा हसला की तो आपला. १९८९नंतर परवलीची गरज संपली, आणि ही परंपराही संपेल असे मानावयास हरकत नव्हती. ती संपली नाही. हेन्रिक मार्क्येविच आणि आंद्झेय रोमानोव्स्की यांनी संपादिलेला पंखधारी शब्दांचा, म्हणजे प्रचलित अवतरणांचा, थोर कोश १९९० साली प्रसिद्ध झाला तेव्हा असा कोश मागे वळून पाहणारा ग्रंथ आहे असे वाटणे साहजिक होते; ‘किलेर’ने सात वर्षांनी दाखविले की कारखाना चालूच आहे. फरक एवढाच की, पूर्वीची वाक्ये सत्तेविरुद्ध होती आणि ही वाक्ये बोलणाऱ्याच्या स्वतःच्याच सोंगाविरुद्ध आहेत.

या चित्रपटावर एक आक्षेप घेतला जातो आणि तो टाळून पुढे जाणे योग्य नाही. प्रुश्कुवच्या टोळ्या खंडणी घेत होत्या, माणसे मारीत होत्या. अशा वेळी टोळीप्रमुखाला गोड, स्थूल, थोडा मंद गृहस्थ करून दाखविणे म्हणजे लोकांचा संताप बोथट करणे नव्हे काय? प्रदर्शनानंतर आठ महिन्यांनी, २५ जून १९९८ रोजी, पोलीस दलाचे माजी प्रमुख मारेक पापावा यांना वॉर्सात गोळी घालून ठार करण्यात आले. ५ डिसेंबर १९९९ रोजी प्रुश्कुव टोळीतील ‘पेर्शिंग’ या क्सिवेचा म्होरक्या झाकोपाने येथे मारला गेला. ज्यांच्या घरी अशी प्रेते आली त्यांना श्यारावर हसणे जड गेले असेल तर त्यात नवल नाही. माझे मत असे की, आक्षेप ‘किलेर’पेक्षा त्याच्या मागून आलेल्या चित्रपटांना अधिक लागू पडतो. ओलाफ लुबाशेंको यांचा ‘ख्वोपाकी न्ये प्वाचो’ (२०००) घ्या : त्यातही भोळा माणूस, या वेळी एक व्हायोलिनवादक विद्यार्थी, गुंडांत सापडतो, त्याची वाक्येही तरुणांच्या ओठी बसली, कदाचित अधिकच. पण तेथे गुंडांचीच भाषा चटकदार आहे आणि प्रेक्षक त्यांच्या बाजूने बोलायला शिकतो. ‘किलेर’मध्ये गुंडाचे बोलणे हा त्याचा उपहास आहे. ही रेषा बारीक आहे, हे मी नाकारीत नाही, आणि वीस वेळा पुनःप्रक्षेपण झाल्यावर ती पाहणाऱ्याला दिसत असेलच असेही सांगता येणार नाही.

श्याराची भूमिका करणारे यानुश रेविन्स्की यांच्याविषयी दोन शब्द लिहिल्याखेरीज हा विषय पुरा होत नाही. ते उपहासक नट होते. पोलंडमध्ये दारूऐवजी बिअर पिण्याची सुसंस्कृत सवय लागावी, या थट्टेच्या कार्यक्रमातून निघालेल्या ‘बिअरमित्रांच्या पक्षा’चे ते पुढारी झाले, आणि १९९१च्या निवडणुकीत त्या पक्षाचे १६ प्रतिनिधी संसदेत निवडून आले, त्यांत तेही होते. थट्टेने घेतलेले नाव खऱ्या दाराच्या पाटीवर लागण्याचा अनुभव त्यांनी स्वतः घेतलेला होता. सहा वर्षांनी ते पडद्यावर श्यारा म्हणून बसले तेव्हा, वाटेल तो माणूस वाटेल ते होऊ शकतो हे सांगावयास त्यांना अभिनय असा फारसा करावाच लागला नसावा. १ जून २०२४ रोजी त्यांचे निधन झाले. पाच आठवड्यांनी, ९ जुलै रोजी, रिबाची भूमिका करणारे येझी श्तूर गेले. किश्लोव्स्कींच्या ‘अमातोर’सारख्या (१९७९) चित्रपटात त्यांनी केलेले काम पोलिश अभिनयाच्या शिखरांपैकी मानले जाते. रेविन्स्की गेले तेव्हा शोक करणाऱ्यांनी त्यांचे आडनाव लिहिले खरे, पण त्याच्या शेजारी बहुतेकांना क्सिवाही लिहावीशी वाटली : श्यारा.